वाचकांचे प्रश्न : कोंकचे चर्च कोणाचे?

प्रश्न : माझी मुलगी नोकरीनिमित्त फ्रान्समधील तुलूझ येथे राहते. गेल्या उन्हाळ्यात ती आम्हाला कोंक नावाच्या डोंगरातील गावी घेऊन गेली. घरे मूठभर, पण मधोमध प्रचंड दगडी चर्च आणि संग्रहात सोन्याने मढवलेली मूर्ती! एवढ्याशा गावाने हा ठेवा कसा सांभाळला? तेथे सतत कानावर पडणारे ‘कम्यून’ म्हणजे आपली ग्रामपंचायतच का? आणि इतक्या जुन्या चर्चच्या खिडक्यांना रंगीत काचा का नाहीत?
— एक वाचक, सातारा

उत्तर : कम्यूनपासून सुरुवात करतो, कारण आपल्या पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तेथेच आहे. कम्यून हा फ्रान्सच्या स्थानिक कारभाराचा सर्वांत लहान घटक होय. पण आपल्याकडे गावाला ग्रामपंचायत आणि शहराला नगरपालिका असा जो भेद आहे तो तेथे नाही, आणि कायद्याच्या दृष्टीने तुलूझसारखे मोठे शहरसुद्धा एक कम्यूनच आहे. लोक सहा वर्षांसाठी सदस्य निवडून देतात आणि सदस्य आपल्यातून महापौर निवडतात. जन्ममृत्यूची नोंद आणि कायदेशीर विवाह त्याच्याच कचेरीत होतात. १९०५ च्या कायद्याने धर्मसंस्था आणि शासन यांची फारकत झाली व त्यानंतर गावोगावची जुनी चर्चे कम्यूनच्या मालकीची ठरली. त्यामुळे चर्चचे छप्पर गळू लागले की महापौर भाविक असो वा नसो, दुरुस्तीची चिंता त्यालाच करावी लागते. ‘ऐतिहासिक वास्तू’ म्हणून नोंद झालेली असल्यास शासनाकडून खर्चाचा वाटा मिळतो, मात्र अशा वास्तूच्या पाचशे मीटरच्या परिसरात बांधकामात बदल करायचा तर शासनाच्या वास्तुविशारदाचे मत घ्यावे लागते. कोंकची पातळ दगडी फरशांची छपरे आपण आज एकसारखी पाहता, त्यामागे ही शिस्त आहे.

परंतु हे सगळे कायदे येण्याच्या कितीतरी आधी कोंकचा ठेवा वाचला तो गावकऱ्यांमुळे, आणि माझ्या मते या गावाची खरी थोरवी तीच आहे. आपण पाहिलेली मूर्ती सँत फ्वा या बालसंताची. परंपरेनुसार या मुलीला रोमन अमलात आजाँ येथे धर्मासाठी मृत्युदंड झाला. तिच्या अस्थी नवव्या शतकात कोंकच्या ख्रिस्ती मठातील एका साधूने तेथून गुपचूप पळवून आणल्या आणि मठाचे भाग्य फळफळले. लाकडी गाभ्यावर सोन्याचा पत्रा चढवलेली, रत्नांनी जडवलेली ती बसलेली मूर्ती याच अस्थींसाठी घडवली गेली. राज्यक्रांतीच्या धामधुमीत चर्चमधील मौल्यवान धातू जप्त करून वितळवले जाऊ लागले, तेव्हा कोंकच्या लोकांनी हा खजिना वाटून घेऊन घराघरांत, बागांमध्ये, चेस्टनट वाळवायच्या झोपड्यांमध्ये दडवला आणि वादळ सरल्यावर परत आणून दिला. ज्यांचे पोट त्या चेस्टनटवर चालत असे, त्यांनी हातातले सोने परत केले, हे मला मूर्तीइतकेच मोलाचे वाटते. चर्चची इमारत मात्र तोवर मोडकळीस आली होती. ऐतिहासिक वास्तूंचे महानिरीक्षक प्रॉस्पेर मेरिमे १८३७ मध्ये येथे आले, आणि त्यांच्या अहवालामुळे तिच्या डागडुजीची वाट मोकळी झाली.

दारावरचे बाराव्या शतकातील शिल्प आपण सवडीने पाहिले असेल अशी आशा आहे. अंतिम न्यायाच्या, म्हणजे जगाच्या शेवटी देव माणसांना स्वर्ग किंवा नरक देतो त्या प्रसंगाच्या, त्या दृश्यात १२४ आकृत्या आहेत. नरकाच्या बाजूला एक कंजूष गळ्यात पैशांची थैली घेऊन फासावर लटकलेला आहे, तर स्वर्गाच्या बाजूला सँत फ्वा नतमस्तक झाली आहे आणि ढगातून आलेला देवाचा हात तिच्याकडे झेपावतो आहे. तिच्या मागे टांगलेल्या बेड्या दिसतात. तिच्या कृपेने सुटलेले कैदी त्या येथे आणून वाहत, आणि आतील लोखंडी जाळ्या त्याच बेड्यांपासून घडवल्या असे गावात सांगतात. कमानीच्या कडेवर दगडी पट्टी बोटांनी धरून डोकावणारे लहान चेहरे बहुतेकांच्या नजरेतून सुटतात.

खिडक्यांचे कारण वेगळे आहे. आजच्या काचा जुन्या नाहीत. जवळच्याच रोदेझ शहरात जन्मलेले चित्रकार प्येर सुलाज यांनी केलेले ते काम १९९४ मध्ये पूर्ण झाले. हे चर्च पाहूनच आपण चित्रकार व्हायचे ठरवले, असे ते सांगत. दगडाचे रंग झाकले जाऊ नयेत म्हणून त्यांनी रंग टाळला आणि प्रकाश आत येईल पण बाहेरचे दृश्य दिसणार नाही अशी काच बऱ्याच प्रयोगांनंतर तयार करवून घेतली. एकूण १०४ झरोक्यांना त्यांनी ती बसवली.

गावाच्या नावाबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगावेसे वाटते. हे नाव दरीच्या शिंपल्यासारख्या आकारावरून पडले असे मानतात; लॅटिनमधील ‘कोंका’ म्हणजे शिंपला, आणि आपला ‘शंख’ त्याच कुळातला शब्द समजला जातो. २०१६ मध्ये शेजारची तीन कम्यून सामील होऊन ‘कोंक-आँ-रुएर्ग’ असे नवे कम्यून झाले. मुलीकडे पुन्हा जाणे झाले तर गावात एक मुक्काम करावा आणि त्या काचांवरचा प्रकाश सकाळी व संध्याकाळी असा दोन्ही वेळा पाहावा.