जवारी कळते, पण कारागीर ऐकतील का?

मिरजेच्या एका 26 वर्षांच्या मुलीचं पत्र, थोडक्यात: "आमच्या घरात तीन पिढ्या तंबोरे बनतात. अब्बांच्या उजव्या हाताला वर्षभर कंप आहे, त्यामुळे जवारी, म्हणजे तारांखालची हाडाची घोडी घासून तारेला आणलेला झंकार, आता दोघे जुने कारागीर काढतात. मी त्यांना चाचाच म्हणते. मी बी.कॉम. केलंय, हिशेब बघते. पण तार छेडली की कुठे बिघडलंय ते मला लहानपणापासून लगेच कळतं. गेल्या महिन्यात एका गायिकेकडे गेलेला तंबोरा परत आला. त्याची जोड (मधल्या दोन तारा) खरखरतेय हे पाठवण्याआधीच माझ्या लक्षात आलं होतं, पण मी बोलले नाही. अब्बा म्हणतात, पुढे तूच बघ. मावशी, हे कसब माझं की अब्बांचं उसनं? आणि चाचा माझं ऐकतील का?"

बेटा, तुझा दुसरा प्रश्न पहिल्यावर अवलंबून आहे. म्हणून आधी कान तपासून घेऊ.

तयार असलेले तीन तंबोरे एकाच पट्टीत लाव. पट्टी वेगळी ठेवलीस तर स्वरावरूनच कुठला तंबोरा ते ओळखशील आणि परीक्षा फुकट जाईल. तू भिंतीकडे तोंड करून बस. घरातल्या कुणीतरी प्रत्येक तंबोरा चार वेळा, क्रम उलटसुलट करून छेडायचा. म्हणजे बारा फेऱ्या. प्रत्येक फेरीला कागदावर दोनच गोष्टी लिही: कुठली तार, आणि काय बिघडलंय. खुली (झंकार जास्त) आहे, बंद (झंकार दबलेला) आहे की खरखरते. मधे तारा उतरल्या तर पुन्हा लावून घ्यायच्या. शेवटी ताळा कर. एकाच तंबोऱ्याला चारपैकी तीन वेळा तरी तूच तीच तार आणि तोच दोष लिहिला असशील, तर हा कान भरवशाचा आहे. दोन दिवसांनी हीच परीक्षा अब्बांची घे.

दोघांचे कागद शेजारी ठेवलेस की उसनं किती ते दिसेल. बरंचसं जुळेल. एकाच कारखान्यात ऐकून कान तयार झालेत, ते जुळणारच. पण जिथे जुळणार नाही तिथे नीट बघ. समज, अब्बांना जोड आणखी खुली हवी आहे आणि तुला ती माईकसमोर बोचेल असं वाटतंय. हा फरक तुझा स्वतःचा आहे, आजच्या गाणाऱ्यांना ऐकून आलेला. तो दडपू नकोस. मीरासाहेबांच्या उरुसातल्या संगीत सभेला जाशील तेव्हा आवाज सोडून फक्त तंबोरे ऐक. कुठल्या गळ्यामागे कशी जवारी आहे ते टिपून ठेव.

आता हात. कानाला कळणं आणि कानस चालवता येणं यात बरंच अंतर आहे, आणि हाताने कधी न केलेल्या कामावर तू बोट ठेवलंस तर चाचांना ते लागेल. कारखान्यात काढून टाकलेल्या जुन्या घोड्या असतीलच, त्यातल्या आठ-दहा घे. तारांनी पाडलेल्या खाचा आधी काढायच्या. मग तारेच्या दिशेने लांब, सारख्या दाबाने कानस फिरवून घोडीच्या पाठीला अगदी मंद उतार द्यायचा, आणि शेवटी पॉलिश पेपर. दोन-तीन हात मारले की तार चढवून ऐकायचं, घोडीवर तारेखाली असतो तो दोरा मागेपुढे सरकवून बघायचं. नवशिक्याचा हात एकाच जागी जास्त पडतो, तिथे खड्डा होतो आणि तार खरखरते. उतार जास्त झाला तर तार घोडीला पुरेशी लागत नाही, आवाज कोरडा पडतो, आस (मागे रेंगाळणारा नाद) टिकत नाही. पाठ फारच सपाट राहिली तर तार गुदमरते. घासून गेलेलं हाड परत येत नाही, म्हणून गिऱ्हाइकाच्या घोडीला एवढ्यात हात लावू नकोस. हे शिकवायला धाकट्या चाचांना सांग. शिष्य म्हणून बसलीस तर त्यांचंही मन मोकळं होईल, आणि दुरुस्ती सांगायला किती वेळ खाते ते तुला कळेल.

ऐकतील का? सगळ्या कारखान्यावर एकदम हुकूम चालवायला गेलीस तर नाही ऐकणार, आणि त्यात त्यांची चूक नसेल. भोपळा निवडणं घे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारा कडू भोपळा ठोकून, सालीची जाडी बघून घ्यायचा असतो. ते ज्ञान चाचांकडे आहे, तुझ्याकडे नाही. लाकूड, भोपळा, खुंट्या बसवणं हे त्यांच्याकडेच राहू दे. तू एकच अधिकार माग: ऐकल्याशिवाय एकही नग बाहेर जाणार नाही. हे अब्बांनी दोघा चाचांना घरी चहाला बोलावून सांगावं, कारखान्यात पोरांसमोर नको.

ऐकण्याचीही रीत ठरवून टाक. जवारी काढली त्याच दिवशी निकाल देऊ नकोस. तारांचा ताण बसतो तशी तबली (भोपळ्यावरचं लाकडी झाकण) थोडी हलते, पावसाळ्यात तर लाकूड ओल धरतं. तंबोरा गिऱ्हाइकाच्याच पट्टीत लावून तीन दिवस ठेव आणि मग ऐक. काळी एकला (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीला) उत्तम बोलणारी जवारी काळी चारला तशीच राहत नाही, कारण ताण बदलतो. एक वही घाल: नग क्रमांक, पट्टी, तारांचे गेज (जाडी), जवारी कुणी काढली, कधी ऐकली, काय आढळलं. दोष सांगताना "बरोबर वाटत नाही" असं कधीही म्हणू नकोस. "दुसरी जोड खुली आहे, खर्ज (सगळ्यांत खालच्या स्वराची तार) बंद आहे" एवढंच, तंबोऱ्याजवळ उभं राहून, दोघांतच सांग. चाचांना पटलं नाही तर पाठ फिरवून चार वेळा ऐकायची पद्धत आहेच, त्यात तूही चुकलेली सापडू शकतेस. तेही वहीत लिही.

आणि पैशांचं आधी बघ, ते तर तुझंच क्षेत्र आहे. नगावर मजुरी असेल तर परत केलेलं काम कारागिराच्या खिशातून जातं. मग दोष दिसला तरी तो गप्प बसणार, आणि तुझा कान त्याला शत्रू वाटणार. दुसऱ्यांदा घासायच्या कामाची मजुरी ठरवून ठेव, वेगळी द्यायची. परत येणाऱ्या नगाचा दोन्हीकडचा वाहतूक खर्च, मोडतोडीची जोखीम आणि गेलेलं गिऱ्हाईक यांच्यापुढे ती मजुरी किरकोळ आहे. अब्बांना आकडे मांडून दाखव.

परत आलेल्या तंबोऱ्याबद्दल त्या गायिकेला फोन तूच कर. जोडीत काय होतं, काय केलं ते सांग. तंबोरा कुठे ठेवतात, एसीच्या खोलीत की दमट हवेत, प्रवासात तारा उतरवतात का, तेही विचार.

अब्बांच्या कंपासाठी मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवलं नसेल तर या आठवड्यात दाखव. मिरजेत दवाखान्यांची वाण नाही, आणि कंपाच्या काही प्रकारांत औषधाने चांगला आराम पडतो. हात थांबला तरी त्यांचा कान शाबूत आहे. आठवड्यातून एकदा वही घेऊन त्यांच्याजवळ बस. मतभेद घरातच मिटवा, कारखान्यात तुमचा शब्द एकच असू दे.

कागदपत्रांचंही एक काम आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते नाव आपल्या मालावर वापरायचं तर प्रत्येक बनवणाऱ्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते, ती दहा वर्षं चालते. कारखाना अजून एकट्या अब्बांच्या नावावर असेल तर आधी बाप-लेकीची भागीदारी करून घ्या. भागीदारी झाली की पॅन नवं काढावं लागतं, उद्यम नोंदणीही (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) नव्याने करावी लागते. मानांकनाचा अर्ज त्यानंतर भरा, नाहीतर तोच खटाटोप दोनदा होईल.