लक्झेंबर्ग कसा देश आहे, तिथे नक्की कोणती भाषा बोलतात?

एक नाही, तीन. लक्झेंबर्गिश, फ्रेंच आणि जर्मन. देश म्हणाल तर जेमतेम 2,586 चौ. किमीचा, बेल्जियम, फ्रान्स, जर्मनीच्या मधोमध, पण भाषेचं गणित भारी आहे बघा, म्हणजे घरात लक्झेंबर्गिश, कायदे लिहिलेले फ्रेंचमध्ये, आणि पोरं लिहायवाचायला शिकतात ती बहुतेक करून जर्मनमधून. लक्झेंबर्गिशला राष्ट्रभाषा म्हणून कायद्याने मान मिळाला तो 1984 साली, आणि मला याचं फार कौतुक वाटतं, कारण इतक्या मोठ्या शेजाऱ्यांच्या गराड्यात त्यांनी आपली बोली टिकवली. दुकानात शिरलं की 'मोयेन' म्हणायचं, म्हणजे नमस्कार.

जवळपास निम्मी वस्ती परदेशी नागरिकांची, त्यात पोर्तुगीज सगळ्यात जास्त, त्यामुळे पोर्तुगीजही कानावर पडतेच.

संस्कृती बघायची तर एष्टरनाखची नाचत निघणारी मिरवणूक बघा, संत विलिब्रॉर्डच्या समाधीपर्यंत लोक ओळीने पांढऱ्या रुमालांची टोकं धरून उड्या मारत जातात, युनेस्कोच्या यादीतही आहे ती. जत्रेत बटाट्याचे गरमागरम, कुरकुरीत 'ग्रोम्पेरेकिश्लशर' मिळतात, ते खाच.

आणि हो, 2020 पासून देशभर बस, ट्राम, ट्रेन फुकट, फक्त ट्रेनच्या फर्स्ट क्लासला तिकीट लागतं.