एचएसपी७०साठी (ताण आला की पेशीत वाढणारं प्रथिन) एफआयटीसी (हिरवा चमकणारा रंग) जोडलेली अँटिबॉडी घ्यावी, की साधी घेऊन सेकंडरी (तिला चिकटणारी, रंग जोडलेली दुसरी अँटिबॉडी) लावावी?

फ्लो सायटोमेट्री (एकेका पेशीची चमक मोजणं) करणार असाल तर जोडलेली घ्या. एक इन्क्युबेशन आणि धुण्याचा एक फेरा वाचतो. पण ऑर्डर देण्याआधी ती नेमकं कोणतं एचएसपी७० ओळखते ते बघा. माझ्या पीएचडीचं जवळजवळ एक वर्ष यात गेलं.

प्रयोग साधा होता. रक्तातल्या लिम्फोसाइट्स ४२ अंशांवर तासभर ठेवायच्या, ३७ला चार-पाच तास सावरू द्यायच्या, मग फिक्स (पेशी आहे तशी गोठवणं), परमिएबलाइज (अँटिबॉडी आत जावी म्हणून पडद्याला छिद्रं पाडणं) आणि स्टेन. माझ्याकडे दर वेळी ३७चा कंट्रोलही (गरम न केलेल्या पेशी) चमकायचा. गरम केलेल्यांचा पीक आलेखावर जेमतेम उजवीकडे सरकायचा, म्हणजे चमक जेमतेम वाढायची. गाइड म्हणायचे, "तुझ्या पेशीच स्ट्रेसमध्ये आहेत, आधी हात सुधार." मी मीडिया बदलला, इन्क्युबेटरमध्ये वेगळा थर्मामीटर ठेवला, सेंट्रिफ्यूजचा वेग उतरवला. कंट्रोल तसाच. वेस्टर्न (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडी कोणाला चिकटते ते बघणं) करू का विचारलं की उत्तर ठरलेलं: कंपनीने तपासलेली अँटिबॉडी आहे, त्यावर वेळ घालवू नकोस.

शेवटी शेजारच्या लॅबमधल्या ताईकडून सी९२एफ३ए-५ क्लोनची (फक्त ताणात वाढणारं एचएसपी७० ओळखणारी) थोडी अँटिबॉडी मागून आणली आणि एकच लायसेट (पेशी फोडून काढलेला अर्क) दोन मेम्ब्रेनवर घेतलं. आमच्या अँटिबॉडीचा बँड दोन्ही लेनमध्ये, ताईच्या अँटिबॉडीचा फक्त गरम केलेल्या पेशींच्या लेनमध्ये. आमची अँटिबॉडी एचएससी७० या त्याच्या भावंड प्रथिनालाही धरत होती! ते तर ताण असो वा नसो, पेशीत भरपूर असतंच, आणि दोघांचा अमिनो आम्लांचा क्रम सुमारे ८५ टक्के सारखा. डेटाशीटवर हे लिहिलेलंही होतं. मी फिल्म गाइडच्या टेबलावर ठेवली. ते म्हणाले, "बरं, दुसरी मागव." हात सुधार म्हणाले होते, त्याबद्दल अवाक्षर नाही.

म्हणून सांगते, नवीन अँटिबॉडी आली की पहिला वेस्टर्न तिचाच. फ्लोमध्ये एफआयटीसीच जोडलेला आयसोटाइप कंट्रोल (त्याच प्रकारची, पण पेशीतलं काहीच न ओळखणारी अँटिबॉडी) हवाच, नुसत्या न रंगवलेल्या पेशी पुरत नाहीत. मेलेल्या पेशी कुठलीही अँटिबॉडी ओढून घेतात, तेव्हा फिक्स करण्याआधी व्हायबिलिटी डाय (मेलेल्या पेशी ओळखू देणारा रंग) घाला. "पैसे नाहीत" म्हणणाऱ्या गाइडला सांगा की वेस्टर्न दोन दिवसांत होतो.

हो, हे सगळं लिम्फोसाइट्सचं झालं. तुमच्याकडे हेला (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या कर्करोगाच्या पेशी) असतील तर ३७लाही एचएसपी७० खरोखरच असतं, तिथे लगेच अँटिबॉडीला दोष देऊ नका. सिग्नल फारच कमी असेल तर सेकंडरीच बरी, तिच्याने तो वाढतो. आणि मायक्रोस्कोपखाली बघणार असाल तर एफआयटीसी नको, बघता बघता विझतो. अलेक्सा ४८८ हा जास्त टिकणारा हिरवा रंग घ्या. हीट शॉक दिल्यावर किती वेळाने फिक्स केलंत तेही स्लाइडवर लिहा, कारण एचएसपी७० आधी केंद्रकातल्या न्यूक्लिओलसमध्ये जमतं आणि सावरताना परत सायटोप्लाझममध्ये येतं.