फवारणीच्या विषबाधेनंतर हार्ट परत नीट होतं का?
तुम्ही विचारलंय की फवारताना औषध अंगात गेलं, ईसीजी बिघडलाय, आता हार्ट कायमचं गेलं का. तसं नसतं हो, बहुतेक वेळा वेळेत उपचार मिळाले तर ठोके पूर्ववत होतात.

मोनोक्रोटोफॉससारखं ऑर्गेनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक असेल तर ठोके मंदावतात, छातीत पाणी भरल्यासारखं होतं, त्यावर ॲट्रोपिनचं इंजेक्शन हाच मुख्य उपाय, छाती कोरडी होऊन नाडी ८० च्या वर येईपर्यंत देत राहतात, आणि ईसीजीत क्यूटी (ठोक्यानंतर हार्ट पुन्हा तयार व्हायला लागणारा वेळ) लांबला असेल तर रक्तातलं मॅग्नेशियम, पोटॅशियम सांभाळावं लागतं. म्हणून पेशंटला बरं वाटलं तरी लगेच डिस्चार्ज मागू नका प्लीज, श्वासाचा त्रास दोन-चार दिवसांनीही उलटतो.

धान्यात ठेवायची सल्फासची गोळी मात्र फार वाईट, तिच्यावर उतारा नाही, फॉस्फिन गॅस थेट हृदयाच्या स्नायूवर घाव घालतो, बीपी पडतं, मग आयसीयूच. पण त्यातूनही जे पहिले काही दिवस तरतात त्यांचं हार्ट बऱ्याचदा सुधारतं, टूडी इको (हार्टची सोनोग्राफी) करत राहा.

२०१७ ला यवतमाळात कपाशी फवारताना किती माणसं गेली, आठवलं की अजून पोटात कालवतं. औषधाचा डबा दवाखान्यात सोबत न्याच, आणि घरी उलटी काढायला मिठाचं पाणी पाजू नका.