यकृताच्या गाठीची फाईल बैठकीत मांडण्याआधी

प्रिय डॉक्टर,

सोलापुरात यकृताच्या कॅन्सरसाठी दर आठवड्याची सगळ्या तज्ज्ञांची बैठक तू सांभाळणार आहेस, म्हणून हे पत्र.

इथे बहुतेक रुग्णांना दोन दुखणी असतात: गाठ आणि सिऱ्होसिसने (यकृत व्रणांनी कडक होणं) खंगलेलं यकृत. सर्जनला गाठ काढता येईल, पण उरलेलं यकृत तग धरेल का, हे पोटविकारतज्ज्ञालाही विचारावं लागतं. टीमने चर्चा केलेले रुग्ण जास्त जगल्याचं अनेक अभ्यासांत दिसलंय. धडधाकट रुग्णच बैठकीपर्यंत पोचतात, हेही त्यामागे असू शकतं. तरी योग्य उपचार लवकर मिळणं हे मला खरं कारण वाटतं.

सगळ्यात जास्त घोळ सीटीत होतो. चिठ्ठीवर नुसतं 'कॉन्ट्रास्ट सीटी' लिहिलंस तर अनेकदा एकच फेज (कॉन्ट्रास्ट शिरेत सोडल्यावर ठरावीक वेळी घेतलेली चित्रं) मिळते आणि अक्कलकोटहून आलेल्या माणसाला पुन्हा खर्च, पुन्हा खेप. 'ट्रायफेजिक लिव्हर सीटी' असं स्पष्ट लिही: आर्टेरियल (धमनीतली) साधारण 35 सेकंदांना, पोर्टल (आतड्याकडून यकृतात येणाऱ्या शिरेतली) 70 च्या आसपास, डिलेड 3 ते 5 मिनिटांनी. आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) बघ. सिऱ्होसिसच्या रुग्णात 1 सेंमी किंवा मोठी गाठ आर्टेरियल फेजमध्ये उजळून नंतर फिकी पडली, तर सहसा बायोप्सी लागत नाही. बायोप्सीच्या सुईने रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित तिच्या वाटेवर कॅन्सर पसरतो. बैठकीत रिपोर्टचा कागद पुरत नाही, सीडी लाव.

सोबत बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी), जलोदर आणि शुद्धीची अवस्था लिहून चाइल्ड-पू (यकृत किती काम करतं याचा ए ते सी दर्जा) काढ. एएफपी (यकृताच्या कॅन्सरची रक्तातली खूण), हिपॅटायटिस बी-सी आणि रुग्ण दिवसभर किती चालतो-फिरतो, तेही. 2 सेंमीची एकच गाठ आणि चाइल्ड ए असेल तर अ‍ॅब्लेशन (गाठ सुईने जाळणं) किंवा शस्त्रक्रिया. तीच गाठ जलोदरासह असेल तर आधी ट्रान्सप्लांटचा विचार. ट्रान्सप्लांटसाठीच्या मिलान निकषात एक गाठ 5 सेंमीपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन, प्रत्येकी 3 सेंमीपर्यंत बसतात. पोर्टल व्हेनमध्ये कॅन्सर शिरला असेल आणि बेव्हॅसिझुमॅब हे कॅन्सरचं औषध द्यायचं ठरलं, तर आधी एंडोस्कोपी करून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बघ. ही पायरी गाळली तर रुग्ण रक्ताच्या उलटीने जाऊ शकतो. त्रास कमी करणाऱ्या पॅलिएटिव्ह डॉक्टरांना पहिल्यापासून बसव.

ठरलेलं अडतं ते बैठकीनंतर. प्रत्येक निर्णयापुढे तारीख आणि ती घेणाऱ्याचं नाव लिही. पुण्या-मुंबईला पाठवण्याआधी ते रुग्णालय आणि तो उपचार महात्मा फुले योजनेत बसतो का, हे आरोग्यमित्राकडून (रुग्णालयातला योजनेचा मदतनीस) पक्कं कर. घरच्यांशी लागेल तसं कन्नड किंवा तेलुगूत बोलणारं कुणी हाताशी ठेव. आणि टेस (गाठीच्या धमनीत औषध सोडून तिचा रक्तपुरवठा तोडणं) झाल्यावर 4 ते 6 आठवड्यांनी नवा सीटी घेऊन तीच फाईल पुन्हा बैठकीत आण.