राणी बसून जेवते

"ताई, आमची दिवसभर राजकन्याच असते हो. हे नॉर्मल आहे का?"

इंदूरला मी लहान मुलांच्या मनाचं काम बघते, त्यामुळे हा प्रश्न मला महिन्यातून तीन-चारदा तरी येतोच. कधी क्लिनिकमध्ये, कधी रामबागेतल्या हळदीकुंकवात कोणी कोपऱ्यात घेऊन विचारतं, एकदा तर सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री साडेदहाला, हातात भुट्ट्याच्या किसाची प्लेट असताना. विचारणाऱ्या बहुतेक जणी शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, मुलीला भातुकलीबरोबर बॅट-बॉलही आणून देणाऱ्या असतात, आणि धक्का त्यांनाच जास्त बसलेला असतो, की एवढं सगळं करून पोरगी साडेतीन वर्षांची झाली आणि आता गुलाबी झालरीच्या फ्रॉकशिवाय काही अंगाला लावूच देत नाही. आपलं कुठे चुकलं? आता ही जन्मभर राजपुत्राची वाट बघत बसणार का?

एकीची गोष्ट सांगते. चिऊ म्हणू या तिला. घरचे तपशील बदललेत आणि आईला विचारूनच लिहितेय. वय पाच, आईबाबा दोघं नोकरीवाले, घरात आजी-आजोबा आणि आठ महिन्यांचा भाऊ.

चिऊ सोनेरी पुठ्ठ्याचा मुकुट घालूनच आत आली आणि माझ्याच खुर्चीत बसली. आई एकदम ओशाळली. शाळेत मुकुट काढायला सांगितलं की रडारड, आंघोळीपुरता निघायचा तो पण कसाबसा. आईने एकदा माळ्यावर लपवून ठेवला तर बाईसाहेबांनी कुकरची रिंग डोक्यावर चढवली आणि घरभर फिरल्या. (मला ही मुलगी तिथेच आवडली होती, पण तसं दाखवता येत नाही.)

आईने तिच्या परीने उपायही केला होता. "मी म्हटलं राणीच हवी ना, मग खरी राणी दाखवू," असं म्हणून राजवाड्यासमोरच्या बागेत अहिल्याबाई होळकरांचा पुतळा दाखवायला घेऊन गेली, एका रविवारी त्यांच्या राजधानीला, महेश्वरलाही नेऊन आणलं. इंदूरच्या पोरांना ते नाव काही नवीन नाही, विमानतळ त्यांच्याच नावाचा, युनिव्हर्सिटी त्यांच्याच नावाची. चिऊने नीट बघितलं, पांढरी साडी, डोक्यावर पदर, हातात पिंड, आणि म्हणाली, "ही राणी नाहीये, ही आजी आहे. मुकुट कुठंय?"

मला हसू आवरेना. आईला मात्र ते लागलं होतं.

आता आधी फ्रॉक आणि गुलाबीचं सांगून टाकते कारण ते सोपं आहे. तीन ते पाच या वयात मुलांना आपण मुलगी की मुलगा हे कळलेलं असतं, पण ते कायम राहणार आहे याची अजून पक्की खात्री नसते. त्या वयाच्या पोराला विचारून बघा, ताईने केस कापले आणि दादाची पँट घातली तर ती दादा होईल का, बरीच पोरं बिनधास्त हो म्हणतात. म्हणजे त्यांच्या हिशोबात मुलगी असणं हे कपड्यांत आहे, केसांत आहे, बांगड्यांत आहे. मग ज्या गोष्टीची खात्री नाही ती पक्की करायला पोरगी सगळ्यात ठळक खूण शोधते, आणि राजकन्येच्या घोळदार फ्रॉकएवढी ठळक खूण दुसरी कुठली? सहा-सात वर्षांपर्यंत ते 'पक्कं' होतं आणि बहुतेकींचा हट्ट आपोआप सैल पडतो. त्यात दुकानदारी आहेच, डिस्नेने साधारण 2000 सालापासून वेगवेगळ्या सिनेमांतल्या राजकन्या एकत्र करून 'प्रिन्सेस' नावाने दप्तरापासून टूथब्रशपर्यंत सगळं विकायला काढलं आणि ते आपल्या इंदूरच्या छपन्न दुकान बाजारापर्यंत येऊन पोचलं. पण दुकानदार आधीपासून असलेली भूकच विकतो ना. डिस्ने नव्हतं तेव्हाही आमच्या आजीच्या गोष्टीत आटपाट नगर होतं, राजा होता, एक आवडती राणी, एक नावडती, आणि आम्ही पोरी आईची ओढणी डोक्याला बांधून आवडतीच व्हायचो.

ही सगळी फ्रॉकची बात झाली. चिऊचा फ्रॉकवर फार जीव नव्हता, कळकट्ट नाइट ड्रेसवर पण मुकुट चालायचा. तिला राणीच का व्हायचं होतं, परी का नाही, नवरी का नाही?

इथे मी अ‍ॅडलरची आहे हे कबूल करते. आल्फ्रेड अ‍ॅडलर, व्हिएन्नाचे डॉक्टर, 1937 साली गेले, फ्रॉइडपासून फुटून त्यांनी वेगळा विचार मांडला. त्यांचं म्हणणं साधं होतं की मूल जन्मतःच छोटं असतं, आजूबाजूला सगळे मोठे, सगळं त्यांच्या हातात, खायचं कधी झोपायचं कधी हे पण तेच ठरवणार, आणि मग त्या छोटेपणातून वर यायची धडपड माणूस आयुष्यभर करतो. राणी म्हणजे काय तर जिचं ऐकलं जातं ती. पाच वर्षांच्या जीवाला यापेक्षा मोठी पोस्ट कुठली मिळणार! आणि अ‍ॅडलरनेच म्हटलंय की दुसरं मूल आलं की पहिल्याचं सिंहासन जातं.

झालं, मला वाटलं सापडलं. आठ महिन्यांचा भाऊ, इकडे मुकुटाचा हट्ट, केस सुटली. मी पहिल्या दोन भेटी त्या बाळामागे घालवल्या. दोन राण्यांचा खेळ मांडला, एक आवडती एक नावडती, बघू कुठली बाहुली कुठे ठेवते. चिऊने दोन्ही राण्या शेजारी शेजारी बसवल्या, बाळाला प्रधान केलं आणि म्हणाली, "प्रधानजी सू सू करते, त्याला बाहेर बसव." कुठे राग नाही, रुसवा नाही. भाऊ हा विषयच नव्हता. वीस वर्षांच्या प्रॅक्टिसनंतर पण असं तोंडावर पडायला होतं, आणि पडावं, नाहीतर आपण पोराऐवजी पुस्तकच ऐकत बसतो.

तिसऱ्या भेटीत मग मी माझा जुना प्रश्न काढला. तोच मी सगळ्या आईबाबांनाही सांगते, राणी का व्हायचंय हे विचारू नका, ते पोराला सांगता येत नाही, राणी दिवसभर काय करते ते विचारा. एका मुलीची राणी डॉक्टरांना जेलमध्ये टाकायची, ती सारखी इंजेक्शनं घेऊन कंटाळली होती. एकीची राणी फक्त हुकूम द्यायची की आता सगळ्यांनी मोबाइल तळ्यात फेका. घरात काय खुपतंय ते पोरं असं सांगतात.

चिऊ म्हणाली, "आधी तू सांग. तुझी राणी काय करते?"

मला पटकन अहिल्याबाईच आठवल्या. त्यांचा दिनक्रम जॉन माल्कमने लिहून ठेवलाय, हा ब्रिटिश अधिकारी त्यांच्या मृत्यूनंतर वीस-पंचवीस वर्षांनी माळव्यात होता, त्यांना पाहिलेली माणसं तेव्हा जिवंत होती. तर मी सांगायला लागले, त्या उजाडायच्या तासभर आधी उठायच्या, पूजा करायच्या, पोथी ऐकायच्या, दानधर्म करायच्या, मग ब्राह्मणांना जेवायला वाढायचं, मग स्वतः जेवायचं, थोडी झोप, दुपारी दोनच्या सुमारास दरबारात जायचं ते थेट संध्याकाळी सहापर्यंत, परत पूजा, थोडंसं खाणं आणि रात्री नऊ ते अकरा पुन्हा काम...

चिऊने हात वर करून मला थांबवलं.

"ती जेवायची कधी?"

"सांगितलं ना, सगळ्यांना वाढून झालं की."

"मग ती राणी नाहीच." आवाज एकदम चढला, मुकुट वाकडा झाला. आणि मग अर्धं घरचं मराठी, अर्धं शाळेचं हिंदी, आमची इंदूरची पोरं बोलतात तसं, "राणी असं नाही करत. रानी बैठके खाती है. गरम गरम. तिला कोणी उठवत नाही."

मी गप्प बसले. (गप्प बसणं हे माझं अर्धं शिक्षण आहे, त्याची फी पण घेते.) मग हळूच विचारलं, "तुझ्या घरी कोण उठतं?"

ती काही बोलली नाही. खुर्चीवरून उतरली, दाराशी आई बसली होती तिथे गेली, डोक्यावरचा मुकुट काढला, पाच महिन्यांत पहिल्यांदा स्वतःहून काढला, तिच्या आईच्या डोक्यावर ठेवला आणि दोन्ही हातांनी तिचे गुडघे दाबून धरले. "उठायचं नाही."

आईला काही कळेचना, ती मुकुट सांभाळत माझ्याकडे बघून हसत होती, आणि मग हसता हसता तिचं तोंड बदललं.

पुढचं मी आईशी एकटीने बोलले. सांगितलं काहीच नाही, फक्त म्हटलं की आठवडाभर रात्रीच्या जेवणाला तुम्ही किती वेळा उठता ते मोजा. चार दिवसांत तिचा फोन आला. काल नऊ वेळा. सासऱ्यांना फुलका तव्यावरचाच लागतो, डब्यातला चालत नाही, नवऱ्याला मध्येच लोणचं आठवतं, बाळ रडतं, दूध उतू जातं. आणि चिऊ सगळ्यांत आधी जेवून समोर बसून हे रोज बघत असते. "ताई, मी तिला रोज सांगते की मुली काहीही करू शकतात," ती म्हणाली आणि पुढे बोललीच नाही.

मी इथे जरा थांबते, कारण मला स्वतःला हे कळायला तीन भेटी लागल्या. आपण समजतो की पोरगी राजकन्येकडे खेचली जाते ती दागिन्यांमुळे, राजपुत्रामुळे. पण तिच्या जगातल्या बायका बघा ना, आई, आजी, कामाच्या मावशी, शाळेतल्या टीचर, सगळ्या कोणाचं तरी करताहेत, धावताहेत, मध्येच उठताहेत. बसलेली बाई तिला फक्त चित्रातच दिसते, आणि तिच्या डोक्यावर मुकुट असतो. मग तिला तीच व्हायचंय याचं नवल काय! मुलग्यांना हा हट्ट तेवढा नसतो, कारण बसलेला पुरुष त्यांना घरातच दिसतो. अ‍ॅडलरची वर यायची धडपड बरोबरच होती, फक्त चिऊ स्वतःसाठी धडपडत नव्हती, सिंहासन तिला आईसाठी हवं होतं. माझ्या नोंदवहीत मी त्या दिवशी एवढंच लिहिलं, 'बसून', आणि खाली दोन रेघा मारल्या.

तर घरी काय केलं. काही क्रांती-बिंती नाही. आधी नवऱ्याला बोलावलं, चांगला माणूस आहे, त्याला खरंच दिसलं नव्हतं. बुधवार आणि रविवारी पोळ्या आधीच करून डब्यात, सगळे एकदम पानावर, आणि एकदा बसलं की जे हवं ते ज्याचं त्याने उठून घ्यायचं. आजोबा पहिल्या बुधवारी फुगून बसले. आजींनी मात्र, ज्यांच्याकडून मला काहीच अपेक्षा नव्हती, स्वतःचं ताट घेतलं, सुनेशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "चाळीस वर्षं झाली, मी पण गार खाल्लंय. आज तुम्ही खा."

बाकीच्या आयांना जे सांगते ते पण सांगून टाकते. मुकुट काढून घेऊ नका, कुकरची रिंग आहेच. 'राजकन्या काही कामाच्या नसतात' असले टोमणे नकोत, पोरीला त्यातून एवढंच ऐकू येतं की तुला आवडतं ते फालतू आहे. शाळेत मुकुट चालत नसेल तर चालत नाही, तो नियम सगळ्यांनाच, राण्यांनाही. खेळात तुम्ही दासी होत असाल तर कधी कधी नाही म्हणा आणि राणीला कळू दे की प्रजा पण थकते. लक्ष्मीबाईंची गोष्ट सांगा, 1858 साली ग्वाल्हेरला लढताना गेल्या, पण ती देशभक्तीचा धडा म्हणून नको, घोड्याची म्हणून सांगा, पोरींना घोडा आवडतो. मुलगा मुकुट मागत असेल तर त्यालाही द्या, काही बिघडत नाही.

काळजी कधी करायची? राणी जेव्हा काहीच करत नाही, नुसती आरशासमोर उभी असते. एक सहा वर्षांची माझ्याकडे आली होती, तिने राजकन्या होणं अचानक सोडलं होतं आणि घरचे खूश होते की चला, सुटलं. मी विचारलं का गं सोडलंस, तर हात पुढे करून म्हणाली, "माझा रंग राणीचा नाहीये." कोणी म्हटलं? तर लग्नघरात कोणीतरी सहज म्हटलं होतं, चिडवायलासुद्धा नाही. तिच्यावर मी जवळजवळ वर्षभर काम केलं. राजकन्येचं वेड गेलं म्हणून पेढे वाटण्याआधी ते कशाने गेलं एवढं बघा. तसंच पाचव्या-सहाव्या वर्षी 'राजकन्या बारीक असते' म्हणून पोरगी ताट सरकवत असेल तर वाट बघत बसू नका, लगेच कोणाला तरी दाखवा.

चिऊच्या आईचा परवा मेसेज आला. पुढच्या महिन्यात वाढदिवस आहे, पोरीला केक राजकन्येचाच हवाय, गुलाबी, तीन मजली, आणि आता काय करू? आधीचा मुकुट अजून चालू आहे, एका बाजूने प्रधानजींनी चावलाय. मी उलट विचारलं, वाढदिवस कुठल्या वारी येतोय?

बुधवारी, ती म्हणाली.

मग आणा केक, म्हटलं. कापायला आणि वाटायला बाबांना उठवा.