थॉमसनचं गाव

प्रश्न : आमची दोन एकर थॉमसन द्राक्षाची बाग आहे. भाचा नोकरीसाठी अमेरिकेत सॅक्रामेंटोला असतो. परवा फोनवर म्हणाला, "मामा, इथं एका रस्त्याच्या कडेला पाटी आहे आणि तिच्यावर तुमच्या द्राक्षाचं नाव आहे." जवळच्या गावाचं नाव त्यानं सटर सांगितलं. सर, हे कसलं गाव? आणि थॉमसन हे माणसाचं नाव की गावाचं?
– एक बागायतदार, उगाव (ता. निफाड)

उत्तर : थॉमसन हा माणूस, आणि तोही शेतकरीच. शाळेत भूगोल शिकवत होतो तेव्हा बरीच वर्षं मी मुलांना 'थॉमसन नावाच्या शास्त्रज्ञानं ही जात काढली' असं ठोकून देत असे. कोणी उलट विचारलं नाही म्हणून खपून गेलं.

विल्यम थॉमसन मूळचा इंग्लंडचा. १८६३ मध्ये तो बायकापोरांसह कॅलिफोर्नियाच्या या भागात येऊन राहिला. १८७२ मध्ये त्यानं पार न्यू यॉर्ककडून 'लेडी डी कव्हर्ली' नावाच्या द्राक्षाच्या तीन काड्या मागवल्या. तीनपैकी एकच जगली. काडी फुटली का, हे बघायला दिवस उजाडायच्या आत बागेत जाणाऱ्या तुमच्यासारख्याला यावर मी वेगळं काय सांगणार? १८७५ मध्ये मेरीसव्हिल गावात ही द्राक्षं लोकांपुढे मांडली गेली आणि पुढे थॉमसनचंच नाव त्यांना चिकटलं. भाच्यानं पाहिलेली पाटी याचीच. कॅलिफोर्निया राज्याच्या ऐतिहासिक स्थळांच्या यादीत तिचा क्रमांक ९२९ आहे.

गंमत अशी, की जात थॉमसनचीही नाही आणि लेडीबाईंचीही नाही. इराण-तुर्कस्तानाच्या बाजूला ती फार जुनी. तिकडे तिला किश्मिश म्हणतात, सुलतानाही म्हणतात. म्हणजे थॉमसनची काडी रुजण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या आज्या शिऱ्यात किसमिस घालतच होत्या! नावाचं हे असंच असतं. तुमच्याकडची सोनाका सोलापूरच्या नान्नजची आणि तास-ए-गणेश तासगावकडची. दोन्ही थॉमसनमधूनच निवडलेल्या, पण नावं आपल्या लोकांनी दिलेली.

आता सटर. वस्ती सुमारे तीन हजार, म्हणजे आपल्याकडचं मध्यम खेडं. नगरपालिका नाही, कारभार सटर काउंटीचा. काउंटी म्हणजे ढोबळमानानं आपला जिल्हा समजा. गावाचं नाव आधी साऊथ बट होतं, मग सटर सिटी झालं. 'सिटी' काही पेललं नसावं, आज नुसतं सटर. ज्या जॉन सटरवरून हे नाव पडलं, तो स्विस वंशाचा जमीनदार. कॅलिफोर्निया मेक्सिकोकडे होता तेव्हा तिथल्या सरकारनं त्याला प्रचंड जमीन दिली होती. २४ जानेवारी १८४८ रोजी त्याच्याच लाकूड गिरणीच्या कामावर जेम्स मार्शलला सोनं दिसलं. मग जगभरातून माणसं लोटली, सटरच्या जमिनी बळकावल्या गेल्या, गुरं मारून खाल्ली गेली आणि ज्याच्या कामावर सोनं सापडलं तोच बुडाला.

गावाच्या उत्तरेला लागूनच सटर बट्स नावाचा डोंगरांचा एक गोल पुंजका आहे. सॅक्रामेंटोचं खोरं परातीसारखं सपाट आणि त्याच्या मधोमध सुमारे सोळा किलोमीटर व्यासाचे हे उंचवटे. तिथले लोक हौसेनं 'जगातली सर्वांत छोटी पर्वतरांग' म्हणतात. हा मान कोणी मोजून दिला, असं मात्र विचारू नये. सर्वांत उंच टोक समुद्रसपाटीपासून जवळपास ६४७ मीटर. आपलं नाशिक शहरच सहाशे मीटरच्या आसपास आहे! म्हणजे पंचवटीतल्या माझ्या ओट्यावर बसून मी जवळजवळ त्या शिखराइतक्या उंचीवर चहा पितो. पण तिथली सपाटी समुद्रापासून वीसेक मीटरच वर, त्यामुळे तोच डोंगर तिकडे चांगला उठून दिसतो.

हेही ज्वालामुखीचंच काम, पण आपल्यासारखं नाही. आपल्याकडे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पातळ होऊन पसरला, थरावर थर बसले. पांडवलेण्यांच्या डोंगराला खालून पाहिलं तर त्या पायऱ्या दिसतात. सटर बट्स अलीकडचे, पंधराएक लाख वर्षांपूर्वीचे. तिथला लाव्हा घट्ट होता. तो पसरला नाही, घुमटासारखा वर आला आणि आजूबाजूला राखेची, दगडधोंड्यांची बांगडी उरली. तिथल्या मूळच्या मैदू लोकांना ही जागा पवित्र होती. आज बहुतेक डोंगर खासगी मालकीचा आहे, गुरं-मेंढ्या चरतात. अंजनेरीच्या डोंगरावर मनात आलं की निघालो, तसं तिथं चालत नाही. भाच्याला कुंपणावरून उडी मारू नको म्हणावं.

ही टेकाडं सोडली तर बाकी सगळं खोरं पुराचंच होतं. सोन्याच्या मागे लागलेल्यांनी पाण्याचे जोरदार फवारे मारून नद्यांच्या उगमाकडचे डोंगर धुऊन काढले. तो सगळा गाळ युबा आणि फेदर या नद्यांच्या पात्रात आला, पात्रं उथळ झाली आणि शेतं गाळाखाली गेली. शेतकरी कोर्टात गेले आणि १८८४ मध्ये निकाल लागला, की डोंगर धुऊन राडारोडा नदीत सोडायचा नाही. शेतकऱ्यांनी खाणवाल्यांना हरवल्याची उदाहरणं थोडी आहेत, म्हणून हे मला लक्षात राहिलंय. तोवर मेरीसव्हिलनं स्वतःभोवती मातीचा बांध घालून घेतला होता. तरी १९५५ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी फेदर नदीनं बांध फोडला आणि सटरच्या पूर्वेचं युबा सिटी बुडालं, माणसं गेली. आपण नाशकात दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं यावर गोदेचा पूर मोजतो, तसं तिथले जुने लोक या पुरावर वर्षं मोजतात म्हणा ना.

आता तुम्हाला खटकेल अशी गोष्ट. थॉमसनच्या गावाजवळ आज द्राक्षाचं राज्य नाही. आलुबुखारा, पीच, अक्रोड आणि भात ही तिथली पिकं. बेदाण्याचा धंदा दक्षिणेला फ्रेस्नोकडे गेला. उन्हाळा कडक आणि कोरडा, त्यामुळे तिथं घड वेलींच्या ओळींमध्ये कागदावर पसरून उन्हातच वाळवायची पद्धत पडली. थंडीत तिथली वेल पानं गाळून झोपते, छाटणी वर्षातून एकदाच. आपल्याकडे ती झोपतच नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी असा दुहेरी खर्च. शिवाय डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या भीतीनं रात्री आभाळाकडे बघत बसायचं, ते वेगळंच.

युबा सिटीच्या आसपास पंजाबी शिखांची शेती शंभर वर्षांपासून आहे. नोव्हेंबरात तिथं नगरकीर्तनाची मोठी मिरवणूक निघते. भाच्याला लंगरात जेवायला मिळेल. जाताना पाटीचा फोटो मात्र काढायला सांगा आणि मलाही पाठवा.

प्रश्न : मग डॉगरिज म्हणजे काय? कुत्र्याशी काही संबंध?
– त्याच पत्राच्या मागच्या पानावर, वेगळ्या अक्षरात. बहुधा चिरंजीव.

उत्तर : गावाशी संबंध. टेक्सास राज्यातल्या बेल काउंटीत डॉग रिज नावाची जागा आहे, तिथल्या रानवेलीवरून हा खुंट, म्हणजे ज्यावर द्राक्षाचं कलम बांधतात ती मुळाकडची वेल, निवडला. निवडणारा टी. व्ही. मनसन, टेक्सासच्याच डेनिसन गावचा, रानटी द्राक्षांच्या मागे आयुष्यभर हिंडलेला. सूत्रकृमी (मुळांना लागणारे बारीक कृमी), खारवट जमीन आणि पाण्याचा ताण हा खुंट सोसतो, म्हणून आपल्याकडे चालला. तेव्हा तुमच्या बागेत जमिनीखाली टेक्सास आणि वर कॅलिफोर्निया. कलम मात्र तुमच्याच हातचं.